नाव सापडेपर्यंत थांबू नका

(कळंब येथे संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक स्मरणिका हाती आली की आपण प्रथम गुणवंत विद्यार्थ्यांची पाने उघडतो. कोणाचा मुलगा दहावीत पहिला आला, कोणाची मुलगी फार्मसीला गेली, हे वाचून साऱ्या जमातीला आनंद होतो आणि तो रास्तच आहे. परंतु प्रत्येक मोहल्ल्यात एखादे असेही मूल असते की ज्याचे छायाचित्र या पानांवर कधी येत नाही. ते वर्गात एका जागी बसत नाही. हाक मारली तर बघत नाही. मनाविरुद्ध काही घडले की जमिनीवर लोळते, डोके आपटते, चावा घेते, हाती येईल ते फेकते. शाळेतून निरोप येतो, "तुमच्या मुलाला घरी घेऊन जा." शेजारी म्हणतात, "लाडाने बिघडवला." नातेवाईक म्हणतात, "नजर लागली." एक डॉक्टर सांगतात, "मोठा झाला की सुधारेल." दुसरे सांगतात, "बुद्धी कमी असावी." तिसरे एक इंग्रजी नाव लिहून देतात आणि चौथे ते नाव खोडतात. तीन-चार वर्षांत आईबापांच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा जमतो. पण आपल्या लेकराला झाले आहे तरी काय, याचे उत्तर त्या गठ्ठ्यात नसते.

आज मी या मुलाविषयी आणि त्याच्या आईबापांविषयी बोलणार आहे. माझे सांगणे थोडक्यात एवढेच आहे: दुखण्याचे नाव सापडो अथवा न सापडो, मुलाला मदत करणे आजपासून सुरू करता येते. नावाची वाट पाहण्यात गेलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

नाव का सापडत नाही?

मलेरिया असेल तर रक्ताच्या एका थेंबात दिसतो. हाड मोडले तर एक्स-रेमध्ये दिसते. वागणुकीच्या आणि वाढीच्या दुखण्यांचे तसे नाही. ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, किंवा एडीएचडी, म्हणजे अति चंचलता आणि लक्ष न टिकणे, यांची खात्री करून देणारी रक्ताची तपासणी अद्याप नाही. डॉक्टर मुलाला पाहतात, खेळवतात, आईबापांना विचारतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. मूल त्या दिवशी झोपेला आलेले असेल, घाबरलेले असेल, तर अंदाज चुकू शकतो.

दुसरी अडचण अशी की एकाच लक्षणामागे अनेक कारणे असतात. "हाक मारली तर बघत नाही" हेच घ्या. मुलाला कमी ऐकू येत असेल. स्वमग्नता असेल. बोलण्याची समज उशिरा येत असेल. किंवा मिरगीचा एक सौम्य प्रकार असेल, ज्यात मूल पडत नाही, फेस येत नाही. फक्त काही सेकंद टक लावून पाहते आणि पुन्हा खेळू लागते. दिवसातून अनेकदा असे होते आणि मास्तरांना वाटते की मुलाचे लक्ष नाही. या मिरगीवर चांगली औषधे आहेत. म्हणजे वरून दिसणारी गोष्ट एक, आणि इलाज चार वेगवेगळे.

तिसरी अडचण म्हणजे एकाच मुलाला दोन-तीन गोष्टी एकदम असू शकतात. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेतील मानसोपचार तज्ज्ञांच्या ज्या प्रमाणग्रंथाचा जगभर आधार घेतला जातो, त्यानुसार २०१३ सालापर्यंत ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही नावे एकाच मुलाला देता येत नव्हती. २०१३ च्या आवृत्तीत तो नियम बदलला. मुले तीच होती, पुस्तक बदलले. डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचा अभ्यास करून ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ साली केले, आणि त्या प्रमाणग्रंथात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली. तेव्हा एखादे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले की "आज नक्की सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू," तर त्यांना अडाणी समजू नका. मात्र ते सहा महिने हातावर हात ठेवून बसण्यासाठी नसतात, हे लक्षात असू द्या.

दोष आईच्या पदरात टाकू नका

नाव सापडत नाही तेव्हा घर दोषी शोधू लागते, आणि तो दोष बहुतेक वेळा आईच्या पदरात पडतो. तिने गरोदरपणी काही पाळले नाही, तिचे दूध चांगले नव्हते, तिनेच लाडावून ठेवले. हे केवळ आपल्या अशिक्षित समाजात घडते असे समजू नका. अमेरिकेत मोठमोठे विद्वान अनेक वर्षे हेच सांगत होते. आई मायेने थंड असली की मूल स्वमग्न होते, असा सिद्धांत ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने घरोघर पोहोचवला. कित्येक आयांनी तो शाप आयुष्यभर वाहिला. वास्तविक त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात हा सिद्धांत खोडून काढला होता आणि दुखणे मेंदूच्या जडणघडणीत आहे असे मांडले होते. रिमलंड स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. आज शास्त्राने त्यांचीच बाजू मान्य केलेली आहे.

तसेच गोवराच्या लसीचे. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा एक लेख लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली आला. पुढे तो खोटेपणावर आधारलेला असल्याचे उघड झाले आणि २०१० साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. म्हणून मोठ्या मुलाच्या वागण्याला घाबरून धाकट्याची लस चुकवू नका. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने लहान मुले दगावली, ते दुःख आपल्याच लोकांचे होते.

दवा आणि दुआ

आता थोडे नाजूक विषयावर बोलतो. मुलाला कोणी तावीज बांधतो, कोणी दम केलेले पाणी पाजतो, कोणी दर्ग्यावर घेऊन जातो. आईच्या मनाला त्याने धीर येतो, आणि दुआ करू नका असे कोणता मुसलमान सांगेल? परंतु आजारावर इलाज शोधावा, ही आपल्या प्रेषितांचीच शिकवण आहे. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांचा प्रसिद्ध दर्गा आहे. तेथे २००८ च्या सुमारास "दवा आणि दुआ" नावाने एक उपक्रम सुरू झाला. मुजावर मंडळी आलेल्या रुग्णासाठी दुआ करतात आणि त्याला तेथेच बसणाऱ्या मानसोपचार डॉक्टरांकडेही पाठवतात. श्रद्धा आणि शास्त्र यांचे भांडण लावण्याचे काही कारण नाही, हे त्या ठिकाणाने दाखवून दिले.

याच्या उलट चित्रही आपण पाहिले आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात खाजगी आश्रयगृहे चालत आणि त्यांत मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका झोपडीला आग लागली. बांधलेल्यांना पळता आले नाही. २८ माणसे मेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे सर्वस्वी बेकायदेशीर ठरवले आहे. म्हणून कोणी "झाड आहे, जिन आहे, मारून काढतो" असे म्हणत मुलाला मिरचीची धुरी देऊ लागला, काठी उचलू लागला, तर तिथून मुलाला उचलून घरी आणा. आपल्या शरीअतमध्ये अजाण बालक आणि ज्याची समज शाबूत नाही तो, या दोघांना हिशेबातून सूट आहे. ज्याला अल्लाहने हिशेबातून वगळले, त्याच्याकडे आपण काठी घेऊन हिशेब मागायचा, हे कोणत्या दीनात बसते?

आधी शरीर तपासा

आता करायचे काय ते सांगतो. पहिले काम सोपे आहे. वागणुकीला नाव देण्यापूर्वी मुलाचे शरीर तपासून घ्या. कान तपासा. मूल लहान असेल किंवा सांगता येत नसेल तर "बेरा" नावाची तपासणी असते. तीत झोपलेल्या मुलाचेही ऐकणे कळते. डोळे तपासा. टक लावून पाहणे, अंग झटकणे, झोपेत बिछाना ओला होऊन जीभ चावलेली असणे, असे काही दिसल्यास डॉक्टरांना मिरगीबद्दल स्पष्ट विचारा. रक्त कमी आहे का, थायरॉइड बरोबर आहे का, हे पाहा. जे मूल बोलून सांगू शकत नाही त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते. किडलेला दात, फुटलेला कान, चार दिवसांचा मलावरोध, जंत, अपुरी झोप, यांपैकी एखाद्या गोष्टीने शांत मूलही चावरे होते.

तीन गोष्टी दिसल्या तर एक दिवसही थांबू नका: येत असलेले बोलणे बंद झाले, फिट आली, किंवा मूल स्वतःला जखमा करून घेऊ लागले.

एक दोन रुपयांची नव्हे, लाख मोलाची वही

दुसरे काम वहीचे. शाळेची साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, उद्रेक होण्यापूर्वी काय चालले होते. दुसऱ्यात, मुलाने नेमके काय केले. तिसऱ्यात, त्यानंतर घरच्यांनी काय केले. वेळही टाका. ज्या आईला लिहिता येत नाही तिने सांगावे आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलीने लिहावे. "खूप त्रास दिला" असे लिहू नका; "मिक्सर लावला, कान झाकून ओरडला, दादीला चावला, मिक्सर बंद केला" असे लिहा. दोन आठवडे लिहा.

दोन आठवड्यांनी ती पाने वाचलीत की बिनबुडाचा वाटणारा त्रास वळणावर येऊ लागतो. समजा असे दिसले की बहुतेक उद्रेक असर ते मगरीबच्या दरम्यान होतात. शाळेतून भुकेला आलेला मुलगा, त्यात स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि लगेच ट्यूशनला जाण्याची घाई. मग औषध कोणते? दारातून आल्या आल्या खायला द्या, अर्धा तास निवांत पडू द्या, ट्यूशन पुढे ढकला. यासाठी आजाराचे नाव कळण्याची गरज लागली का?

मुलाचे वागणे ही त्याची बोली असते. त्या बोलीतून बहुधा चारांपैकी एक गोष्ट तो सांगत असतो. मला हे नको आहे. मला ती वस्तू पाहिजे. माझ्याकडे बघा. किंवा, मला हे सोसवत नाही. शेवटची गोष्ट आपल्याला सहसा उमगत नाही. काही मुलांना आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र लागतो. ईदच्या दिवशी हौसेने शिवलेला कडक शेरवानीचा कपडा मूल अंगावरून फाडून काढते आणि आपण म्हणतो, सणाच्या दिवशी अपशकुन केला. त्याच्या मानेला ते लेबल काट्यासारखे बोचत असते. कपडा आधी दोनदा धुवा, लेबल उसवा, आतून मऊ बनियन घाला. लग्नात बँडच्या शेजारी उभे करू नका. रमजानमध्ये सहेरीमुळे साऱ्या घराच्या झोपेचे आणि जेवणाचे वेळापत्रक बदलते. अशा मुलाला तो बदल फार जड जातो. त्याचे जेवण आणि झोप जुन्याच वेळेला ठेवा, आणि त्याला औषध चालू असेल तर महिना लागण्यापूर्वीच डॉक्टरांना वेळा विचारून घ्या. फिटचे औषध तर एकाएकी कधीही बंद करू नका.

हट्ट आणि उद्रेक

हट्ट निराळा आणि उद्रेक निराळा, हेही ओळखायला शिका. हट्टात मुलाचे एक डोके तुमच्याकडे असते. बिस्कीट मिळाले की रडणे थांबते. उद्रेकात मूल स्वतःच्या ताब्यात नसते; मागितलेले दिले तरी थांबत नाही. उद्रेकाच्या वेळी उपदेश करू नका, प्रश्न विचारू नका. आसपासची मंडळी दूर करा, आवाज बंद करा, लागेल असे सामान हलवा, जवळ बसा आणि कमीत कमी बोला. वादळात शेत नांगरता येत नाही. शिकवायचे ते मूल शांत झाल्यावर.

हट्टाच्या बाबतीत साऱ्या घराचा एकच शब्द हवा. अम्मीने नाही म्हटले, दादीने पदराआडून चॉकलेट दिले, अब्बाने संध्याकाळी येऊन दोघींना रागावले, तर मूल एकच धडा शिकते, की पुरेसे ओरडले की मिळते. हट्ट पुरवणे थांबवले की पहिले काही दिवस तो वाढतो. तेथेच बहुतेक घरे हार मानतात आणि नेमक्या सर्वांत मोठ्या किंकाळीला बक्षीस देऊन बसतात. तेवढे दिवस निभावले तर पुढे उतार लागतो.

चांगले वागला की त्याच क्षणी, नेमके सांगून शाबासकी द्या. "शहाणा आहेस" यापेक्षा "चप्पल जागेवर ठेवलीस, छान केलेस" हे मुलाला जास्त कळते. एका वेळी एकच सूचना द्या. बदल होणार असेल तर आधी सांगा. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या कामांची साधी चित्रे काढून भिंतीवर लावा. मारल्याने मूल त्या क्षणी थांबते, हे खरे. पण ते शिकते एवढेच की मोठा लहानाला मारतो. आणि हाच धडा ते उद्या धाकट्या बहिणीवर गिरवते.

डॉक्टरांकडे जाताना

आपल्या कळंबहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथे बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. सेवाग्रामचे रुग्णालय आहे, आणि २०२४ सालापासून वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वेही आलेली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करणारे पथक येते. शरीरातील दोषांबरोबर वाढीतील विलंबही त्यांनी पाहायचा असतो आणि मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाला लाजेपोटी घरी ठेवू नका. त्याच दिवशी त्याला आवर्जून पाठवा.

डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. उद्रेकाचे किंवा टक लावून पाहण्याचे एक-दोन मिनिटांचे चित्रण मोबाईलवर करून न्या. दवाखान्यात मूल नेमके शहाण्यासारखे बसते, हा सर्वांचा अनुभव आहे. ते चित्रण मात्र डॉक्टरांसाठीच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून लेकराची इज्जत उघड्यावर आणू नका. सारे कागद तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावा. आणि चार प्रश्न विचारा: आपल्याला काय वाटते? कोणत्या गोष्टी नाहीत याची खात्री झाली? पुढच्या भेटीपर्यंत घरी काय करू? पुन्हा केव्हा दाखवू?

"पूर्ण बरा करून देतो" अशी हमी देणाऱ्यांपासून जपा, मग तो बुवा असो की काचेच्या दवाखान्यातला माणूस. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार करण्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. तरी शेत गहाण टाकून अशा उपचारामागे धावणारी माणसे आहेत. तोच पैसा बोलणे शिकवणाऱ्या थेरपिस्टच्या फीसाठी आणि मुलाच्या सकस आहारासाठी वापरा.

मग नावाचा उपयोग काय?

नाव निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. नाव म्हणजे किल्ली. महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास १९९६ साली सुरुवात केली. त्यापूर्वी हीच मुले "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसत आणि शाळा सोडत. २००७ साली "तारे जमीन पर" हा चित्रपट आला तेव्हा कित्येक बापांना आपल्या आळशी, उनाड म्हटलेल्या मुलाची आठवण झाली असेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले की बहुतेक सवलतींची दारे उघडतात, त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढावे लागते. ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या "निरामय" योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. एडीएचडी मात्र त्या २१ प्रकारांत नाही. तेव्हा मुलाला आणखी काही अडचण आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

किल्ली मिळाली तर दार उघडा. पण किल्ली मुलाच्या कपाळावर चिकटवू नका. "तो ऑटिझमवाला" असे न म्हणता त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

जमातीची जबाबदारी

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ साली दिव्यांगांसाठी "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था उभारली. त्यांची खुर्ची लोकांना दिसते, म्हणून लोक वाट करून देतात. आपल्या या मुलाची खुर्ची कोणाला दिसत नाही. तो चालतो, पळतो, दिसायला देखणा असतो. म्हणून त्याची अडचण लोकांना माज वाटते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. अशा मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी आणि दारापासून दूर बसवा, काम लहान तुकड्यांत द्या, तासाच्या मध्ये त्याला फळा पुसण्याच्या किंवा पाणी आणण्याच्या निमित्ताने उठू द्या. आपल्या संस्थेला माझी विनंती आहे की वर्षातून दोन वेळा अशा पालकांना एकत्र बसवावे. एकाला कळलेली गोष्ट दहांना कळेल, आणि आपण एकटे नाही हे कळणे हेदेखील औषधच आहे.

विद्यार्थी मित्रहो, त्याला चिडवून त्याचा राग पाहण्यात गंमत वाटते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या भावाला रोज शाळेत आपल्या भावासाठी भांडावे लागते, त्याला विचारा. डब्याच्या सुट्टीत त्याला एकदा शेजारी बसवून घ्या. एवढेही पुष्कळ आहे. आणि पालकहो, अशा मुलाच्या बहीण-भावांनाही दिवसातून थोडा वेळ केवळ त्यांचा म्हणून द्या.

मशिदीत मूल रडले, पळाले तर कपाळाला आठ्या पडतात. आपले प्रेषित (स.) नमाज पढत असताना आपल्या नातीला, उमामाला, खांद्यावर घेत आणि सजद्याच्या वेळी खाली ठेवीत, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम या अंध सहाबींनी मक्केच्या सरदारांबरोबर चाललेल्या बोलण्यात मध्येच प्रश्न विचारला, तेव्हा कुरआन शरीफचा ८० वा सूरा त्या अंधाच्या बाजूने उतरला. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान देत. बैठकीत व्यत्यय आणणाऱ्याचीही अल्लाहच्या दरबारात एवढी किंमत आहे.

शेवटी आयांसाठी एक शब्द. अशा मुलाची आई कधीच सुट्टीवर नसते. घरच्यांनी आठवड्यातून एक दुपार मूल सांभाळून तिला मोकळी करावी. मन फार बुडू लागले तर शासनाच्या "टेली मानस" सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. मदत मागणे हा सब्र नसल्याचा पुरावा नव्हे.

आज घरी गेल्यावर एक वही काढा आणि तीन रकाने आखा. नाव सापडेल तेव्हा सापडेल. लेकरू तर आज तुमच्यासमोर आहे.